‘नाही’ म्हणायला शिकवणारे पानसे वकील

खेडच्या फौजदारी कोर्टात मी कारकून म्हणून लागलो तेव्हा देश स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नव्हती आणि दारूबंदीचा कायदा अगदी ताजा होता. त्यामुळे कोर्टात गर्दी असायची. हातभट्टीवाले, त्यांच्याकडून पिणारे, पिणाऱ्यांना सोडवायला आलेले, अशी सगळी माणसं व्हरांड्यात उकिडवी बसलेली असत. त्यांच्यामधून वाट काढत, छत्री काखेत मारून, ‘जरा सरका हो, जरा सरका’ म्हणत एक उंच, वाकलेला माणूस रोज आत यायचा. ते पानसे वकील.

ते चाकणला राहायचे. कांद्याच्या एका व्यापाऱ्याच्या वखारीवर दोन खोल्या होत्या, त्यात त्यांचं बिऱ्हाड. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. सकाळच्या एसटीने ते खेडला येत आणि त्यांच्या आधी त्यांचा वास येई. काळ्या कोटात कांदा इतका मुरला होता की उन्हाळ्यात मॅजिस्ट्रेटसाहेब मला हळूच पंखा त्यांच्या बाजूला वळवायला सांगत. पानशांना हे माहीत होतं. एकदा ते मला म्हणाले, “काय करू? कोट धुतला की आकसतो. आणि आकसलेल्या कोटातल्या वकिलावर कोण विश्वास ठेवील?”

वकील म्हणून ते फार मोठे नव्हते. पुण्याचे नामांकित वकील आले की ते आपली खुर्ची देऊन मागे उभे राहात. इंग्रजी बरं होतं, पण आवाज घोगरा. उलटतपासणीत साक्षीदार त्यांना घाबरत नसत. त्यांचं खरं काम कोर्ट सुरू व्हायच्या आधी चाले. कोर्टामागे टांग्याच्या घोड्यांसाठी दगडी हौद होता. त्याच्या कडेला ते आरोपीला उभा करत, आणि पहिली गोष्ट करत ती म्हणजे त्याला ‘अहो’ म्हणत.

त्या काळी हे ऐकून माणसं दचकायची. पोलीस ‘अरे’ म्हणे, पट्टेवाला ‘अरे’ म्हणे, खरं सांगायचं तर मीसुद्धा नावाचा पुकारा ‘अरे’च्याच सुरात करत असे. ठाकरवाडीचा एखादा माणूस, अंगावर फाटकी बंडी, हातात बेडी, आणि समोर हा कोटवाला ब्राह्मण त्याला विचारतोय, “तुमचं पूर्ण नाव सांगा बरं.” तो बिचारा मागे वळून बघे, की ‘तुम्ही’ म्हणजे कोण?

दुसरी गोष्ट, ते कधीच विचारत नसत की ‘तुम्ही हे केलंत का?’ कुणी सांगायला लागला तर हात वर करत. “थांबा. मला सांगू नका. कुणालाच सांगू नका. आधी तुम्ही गप्प. मग मी. मग कोर्ट. आणि सगळ्यात शेवटी, लागलंच तर, तुम्ही.”

मग तालीम सुरू व्हायची. पानसे छत्री बगलेत घेऊन ताठ उभे राहात, मॅजिस्ट्रेटसाहेबांचा चेहरा करत आणि विचारत, “गुन्हा कबूल आहे का?”

समोरचा म्हणे, “व्हय साहेब.”

“नाही! नाही म्हणायचं.”

“सायबाला न्हाई कसं म्हनायचं?”

ही खरी अडचण होती. आमच्या तालुक्यातल्या माणसाला साहेबापुढे ‘नाही’ म्हणता येत नसे. तो गुन्हेगार असो वा नसो. साहेबानं काहीही विचारलं की ‘व्हय’ म्हणायचं, ही त्याची रीत. ‘कबूल आहे का’ हा प्रश्न त्याला ‘तुला हे मान्य आहे ना, बाळा’ असा ऐकू येई. त्यात शेजारी उभा असलेला शिपाई पुटपुटे, “कबूल करून टाक. खेपा वाचतील.” त्या ‘खेपा’ शब्दापुढे कायदा टिकत नसे. दहा-बारा कोस चालत येणारा माणूस, पेरणीचे दिवस. तारखेवर तारीख घेण्यापेक्षा गुन्हा कबूल करणं त्याला सोपं वाटे. पानसे समजावत, “अहो, एकदा कबूल केलंत की तुमच्या नावापुढे ते कायमचं बसलं. पुढच्या वेळी पोलीस आधी तुमच्याच दारात येईल.” तो मान हलवी. आत जाई. “गुन्हा कबूल आहे का?” “व्हय साहेब.” पानसे खाली बसत आणि तपकिरीची डबी उघडत. दिवसाकाठी असं तीन-चारदा तरी होई.

एकदा मात्र उलटं झालं. धोंडिबा नावाचा एक म्हातारा, भट्टी लावल्याच्या आरोपावरून आलेला. पानशांनी त्याला हौदाशी उभा करून इतका घोटवला की म्हाताऱ्याच्या तोंडात ‘न्हाई’ पक्कं बसलं. आत पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कागद बघून विचारलं, “धोंडिबा तूच का?”

“न्हाई साहेब.”

“राहणार कुठला? कडूसचा?”

“न्हाई साहेब.”

“अरे, तू आरोपी आहेस ना?”

“मुळीच न्हाई साहेब!”

सगळं कोर्ट हसलं. साहेबसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसले. पानसे तेवढे हसले नाहीत. ते उठून गंभीरपणे म्हणाले, “सन्माननीय कोर्टानं माझ्या अशिलाची भूमिका तेवढी नोंदवून घ्यावी.” तो म्हातारा पुढे पुराव्याअभावी सुटला. त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर पानसे मला म्हणाले, “बघा, एक माणूस ‘नाही’ म्हणाला. पन्नाशी उलटली माझी. एवढ्यात एक.” मला वाटलं ते खूश आहेत. नंतर लक्षात आलं, ते मोजत होते आणि हिशोब जुळत नव्हता.

भिवाचं प्रकरण आलं ते त्यानंतरच्या हिवाळ्यात.

भिवा पारनेरकडचा. दुष्काळात गाव सोडून आधी पिंपरीला आला. तिथे तेव्हा माळरानावर कारखान्यांची बांधकामं निघाली होती. ते काम आटोपल्यावर एका ठेकेदारानं त्याला भामा नदीवरच्या पुलाच्या कामावर आणलं आणि सामानाची राखण करायला ठेवलं. सिमेंट, लोखंडी सळ्या, पत्रे, असं सगळं नदीकाठी उघड्यावर पडलेलं. त्याच कामावर त्याच्या शेजारच्या गावचा रंगनाथ नावाचा मजूर होता. दोघांच्या झोपड्या लागून. दोघांच्या बायका एका चुलीवर भाकरी थापायच्या, एवढा घरोबा.

एके दिवशी पहाटे धुकं पडलं होतं. हाताला हात दिसत नव्हता. पत्र्यांचा आवाज झाला म्हणून भिवा काठी घेऊन गेला, तर एक माणूस पत्रा ओढत होता आणि त्याच्या हातात लोखंडी पहार होती. भिवानं हाक मारली. माणूस वळला. भिवानं काठी घातली. एकच. माणूस पडला तो उठलाच नाही. भिवा जवळ गेला तेव्हा त्याला दिसलं की तो रंगनाथ आहे. झोपडीचं छप्पर मोडलं होतं, म्हणून एक पत्रा न्यायला आला होता. भिवाजवळ मागितला असता तर भिवानं बहुधा डोळेझाक केली असती. पण मागायची त्याला लाज वाटली असावी.

भिवानं स्वतःच जाऊन मुकादमाला उठवलं. पोलीस आले, त्याला घेऊन गेले. त्याची बायको धुरपदा दुपारी विचारत विचारत चाकणला पानशांकडे आली; त्या दिवशी ते घरीच होते. पानशांनी तिचं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, “पहार कुठं होती?”

“मुडद्यापाशी. पंचांनी लिवून घेतली.”

पानसे ताडकन उठले. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. पंचनाम्यात पहार आहे म्हणजे स्वसंरक्षणाचा हक्क आहे. पहाटेच्या अंधारात चोरी करणारा माणूस हातात पहार घेऊन अंगावर वळला, तर राखणदारानं काठी चालवणं हा गुन्हाच नव्हे, असं कायद्यात लिहिलेलं आहे. फक्त त्या माणसाला कुणी बोलायला लावण्याआधी त्याला गाठलं पाहिजे.

ते थेट चौकीवर गेले. कुठल्या, ते सांगत नाही. आता तिथल्या माणसांपैकी कुणी उरलं नसेल, तरीही. जमादाराला म्हणाले, “मला माझ्या अशिलाला भेटायचं आहे. नव्या घटनेप्रमाणे अटक केलेल्या माणसाला आपल्या वकिलाचा सल्ला घ्यायचा हक्क आहे.”

जमादार अदबीनं म्हणाला, “वकीलसाहेब, घटना दिल्लीला. हितं फौजदारसाहेब. आन् ते गस्तीला गेल्यात. बसा.”

पानसे बाहेरच्या बाकड्यावर बसले. अंधार पडेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसले. जमादारानं त्यांना पाणी दिलं, पान विचारलं, दोनदा म्हणाला, “साहेब आता येतीलच.” भिवा त्या चौकीत नव्हताच. पहिल्याच दिवशी संध्याकाळी त्याला खेडला आणून मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे उभा केला होता, कारण तो स्वतःच म्हणत होता की मला सगळं सांगायचंय. साहेबांनी नियमाप्रमाणे त्याला विचार करायला वेळ दिला आणि पोलिसांपासून दूर, सबजेलमध्ये ठेवला. पानसे रिकाम्या कोठडीवर पहारा देत बसले होते.

दुसऱ्या दिवशी भिवाचा जबाब लिहून घेतला गेला. तो लिहिणारा मी. आमचे साहेब सरळ माणूस होते. त्यांनी पोलिसांना बाहेर काढलं, दार लोटलं आणि सावकाश, मराठीत, एकेक गोष्ट विचारली.

“मी पोलीस नाही, मॅजिस्ट्रेट आहे. समजलं?”

“व्हय साहेब.”

“तू काही सांगायलाच पाहिजेस असं नाही. सांगितलंस तर ते तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जाईल. समजलं?”

“व्हय साहेब.”

“कुणी मारलं? धमकावलं? काही आमिष दाखवलं?”

“न्हाई साहेब.”

“मग का सांगतोस?”

भिवा धिप्पाड माणूस, चेहरा देवीच्या व्रणांचा. म्हणाला, “साहेब, त्यो माज्या ताटात जेवलेला मानूस. म्या मारला. आता आनि काय सांगू?”

पहारीबद्दल त्यानं एक अक्षर काढलं नाही. साहेबांनी त्याला शब्द पुरवणं कायद्यात बसत नव्हतं. मी लिहिलं ते त्याला वाचून दाखवलं आणि त्यानं अंगठा दिला. सगळं अगदी नियमाप्रमाणे झालं. कुणी कुणावर जुलूम केला नाही.

पानसे तिसऱ्या दिवशी सकाळी आले. मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, रागानं नव्हे, एखाद्यानं आपल्याला चुकीचा पत्ता सांगितला म्हणजे आपण पाहतो तसं. मग म्हणाले, “चला, अजून सगळं गेलेलं नाही. कबुलीत सुद्धा पहारीला जागा आहे.”

सबजेलमध्ये त्यांची भिवाशी भेट झाली तेव्हा वकालतनाम्याच्या कामासाठी मी बरोबर होतो. धुरपदानं विनवलं होतं म्हणून भिवानं अंगठा दिला. गजाच्या अलीकडे पानसे, पलीकडे भिवा.

“भिवाजी, पुण्याला सेशन कोर्टात तुम्हाला विचारतील, गुन्हा कबूल आहे का. तुम्ही म्हणायचं, नाही.”

“मला अवं-जावं नगा करू साहेब. आन् न्हाई कसं म्हनू? म्या मारलाय.”

“तुम्ही मारलंत हे खरंच आहे. पण मारणं वेगळं आणि गुन्हा वेगळा. ‘नाही’ म्हणजे ‘मी मारलं नाही’ असं नव्हे. ‘नाही’ म्हणजे, सरकारनं माझा गुन्हा सिद्ध करावा. तो तुमचा हक्क आहे. त्यात खोटं काही नाही.”

भिवानं ते सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, “साहेब, तुमच्या कायद्यात आसंल. पर मराठीत न्हाई म्हंजी न्हाईच की.”

 इतकी वर्षं पानसे हौदाशी उभे राहून माणसांना तो शब्द घोटवत होते, पण असं कुणी म्हणालं नव्हतं.

त्यांनी दुसरी बाजू धरली. “बरं. मग ‘नाही’ म्हणू नका. पण पुढे विचारलं की जे दिसलं ते सगळं सांगा. त्याच्या हातात पहार होती. ती त्यानं उगारली?”

आरोपीला असा प्रश्न विचारताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. विचारून झाल्यावर त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण त्यांनी छत्रीची मूठ गच्च धरली.

“उगारली व्हती का नुस्ती खांद्यावर घेतली व्हती, त्या धुक्यात म्या काय सांगू? उगारली आसंल बी.”

“तुम्हाला भीती वाटली?”

“वाटली.”

“मग तेवढंच सांगा. ‘मला भीती वाटली.’ कायद्याला तेवढं पुरतं हो, भिवाजी!”

“आन् हौसाला पुरंल?”

हौसा म्हणजे रंगनाथची बायको. ती प्रत्येक तारखेला येई. भांडायला नव्हे, शिव्याशाप द्यायलाही नव्हे. कोर्टाच्या भिंतीशी बसून राही. पदर कपाळापर्यंत ओढलेला. धुरपदा दुसऱ्या भिंतीशी बसे. पूर्वी एका चुलीवर भाकरी करणाऱ्या त्या दोघी, आता मध्ये सगळं कोर्ट ठेवून बसत. भिवाला बेड्या घालून आणत तेव्हा तो बायकोकडे बघत नसे, हौसाकडे बघे आणि मान खाली घाली.

प्रकरण सदोष मनुष्यवधाचं ठरून पुण्याला गेलं. मुद्देमाल घेऊन, म्हणजे ती काठी आणि ती पहार घेऊन, एका शिपायासोबत मला पाठवलं. पुण्याच्या कोर्टाच्या उंच छताखाली पानशांचा कोट आणखीच जुना दिसत होता. एक बडे वकील नाकाला हात लावून त्यांच्या शेजारून उठले. पानशांचं लक्ष नव्हतं. ते पंचनाम्याची नक्कल पुन्हा पुन्हा वाचत होते. मला म्हणाले, “ज्यूरी निवडू द्या. नऊ माणसं बसू द्या. त्यांना ही पहार हातात घेऊन बघू द्या. वजन कळलं की ते त्याला सोडतील.”

पण ज्यूरी निवडायच्या आधी आरोपीला विचारायचं असतं. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला, दुभाष्यानं मराठीत सांगितला, आणि विचारलं. भिवानं मागे पाहिलं. मागच्या बाकाजवळ, फरशीवर, हौसा बसली होती.

“व्हय साहेब,” भिवा म्हणाला.

पानसे उठले. त्यांचा घोगरा आवाज त्या दिवशी फार लांब पोचला. त्यांनी विनंती केली की कोर्टानं ही कबुली लगेच स्वीकारू नये, आरोपी अडाणी आहे, त्याला स्वतःच्या बचावाची जाणीव नाही. न्यायाधीश समजूतदार होते. ते म्हणाले, “जेवणाच्या सुट्टीनंतर मी पुन्हा विचारीन. तोवर तुम्ही त्याच्याशी बोला.”

पानसे भिवाशी बोलले नाहीत. ते बोलून झालं होतं. ते सरळ हौसाकडे गेले आणि तिच्यासमोर, फरशीवर, खाली बसले. पुण्याच्या कोर्टात वकिलानं असं बसणं म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला कळायचं नाही. मी जवळच मुद्देमालापाशी उभा होतो.

“बाई,” ते म्हणाले, “तुमच्याकडे बघून तो ‘होय’ म्हणतोय. तुम्ही एक शब्द बोललात तर तो वाचेल. न बोललात तरी तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.”

हौसानं पदर मागे केला. वय फारसं नव्हतं तिचं. म्हणाली, “मी त्येला न्हाई म्हन म्हनू? माजा मानूस मेला, अन् मीच म्हनू की काई झालंच न्हाई?”

“नाही, तसं नव्हे...”

“आन् व्हय म्हन तरी कशी म्हनू? धुरपदाच्या पदरात बी दोन पोरं हायेत. मला दोनी न्हाई म्हनता येत, वकीलसाहेब.” थोडं थांबून ती म्हणाली, “मी हितं नसले तर चालंल का?”

 पानशांनी ‘चालेल’ अशी मान हलवली.

सुट्टी संपली. लोक आत यायला लागले तशी हौसा उठली आणि बाहेर निघून गेली. दारातून मला दिसत होतं, ती अंगणापलीकडे, रस्त्याकडे पाठ करून उभी होती. ऊन चांगलंच चढलं होतं. तिच्यानं जेवढं होण्यासारखं होतं तेवढं तिनं केलं होतं.

पानसे भिवाला गाठायला पिंजऱ्याकडे धावले, पण त्याला शिपाई नुकताच आणत होते आणि न्यायाधीश आसनावर येऊन बसले. सगळे उभे राहिले. पुन्हा आरोप वाचला गेला, या वेळी अधिक सावकाश. न्यायाधीशांनी स्वतः मराठीत विचारलं, “नीट विचार करून सांग. गुन्हा कबूल आहे?”

भिवानं मागे पाहिलं. फरशीवर कुणी नव्हतं.

त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं. त्याला वाटलं, आपलं तोंड बघणंही तिला आता सहन होत नाही. त्याचे खांदे एकदम खाली आले.

“भिवाजी!” पानसे मोठ्यानं म्हणाले. “ती बाहेर गेली ती तुमच्यासाठी...”

“मिस्टर पानसे,” न्यायाधीश म्हणाले, “आरोपीला बोलू द्या. आपण बसा.”

पानसे बसले नाहीत. भिवा म्हणाला, “व्हय साहेब. कबूल हाय.”

मग फार वेळ लागला नाही. न्यायाधीशांनी पहारीची नोंद लक्षात घेऊन शिक्षा जमेल तेवढी कमी केली. तरी काही वर्षांची सक्तमजुरी झालीच. मुद्देमालातली पहार कुणी हातात घेतली नाही. मी ती जशी नेली होती तशी परत बांधली.

संध्याकाळी कैद्यांची गाडी आवारात उभी होती. पानसे जाळीपाशी गेले आणि त्यांनी भिवाला आत जे सांगता आलं नव्हतं ते सांगितलं. हौसा का उठून गेली ते.

भिवानं ऐकलं. “म्हंजी तिनं मला मोकळं सोडलं?”

“हो.”

“मंग तर बरंच झालं, व्हय म्हनलो ते,” भिवा म्हणाला.

पानसे जाळी धरून उभे राहिले. शिपायानं त्यांची बोटं हलकेच बाजूला केली, तेव्हा गाडी निघाली. चाकणपर्यंत एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. ते एकदाच बोलले. “तो चुकतोय असं मला कोर्टात कुठंही म्हणता आलं नसतं. कायद्यात त्यावर काही नाही.” उतरताना छत्री गाडीतच राहिली, कंडक्टरनं खिडकीतून हाक मारून दिली.

अजून एक वाट होती. गुन्हा कबूल केलेल्याला शिक्षेपुरतं अपील करता येतं. त्यासाठी नवा वकालतनामा हवा होता. पानसे दोनदा येरवड्याला जाऊन आले. दोन्ही वेळा भिवानं अंगठा द्यायला नकार दिला. दुसऱ्या वेळी म्हणाला, “साहेब, तुमी लई केलं. आता ऱ्हाऊ द्या.” हे सांगताना पानसे हसले. “बघा, मला मात्र तो सरळ ‘नाही’ म्हणाला.”

त्यानंतर ते कोर्टात येतच राहिले. काही सोडलं नाही त्यांनी. फक्त हौदाशी त्यांचा आवाज पूर्वीसारखा चढत नसे, आणि एखादा आरोपी ‘व्हय’ म्हणालाच तर ते त्याला लगेच अडवत नसत. क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहात. माझे वरिष्ठ म्हणायचे, पानसे म्हातारे झाले.

पुढच्या वर्षी माझी बदली पुण्याला झाली. कोर्टाचे कागद घेऊन मला कधीकधी येरवड्याच्या तुरुंगाच्या कचेरीत जावं लागे. असाच एकदा गेलो होतो. भेटीचा दिवस होता. फाटकापासून रस्त्यापर्यंत कैद्यांच्या नातेवाइकांची रांग लागली होती. बहुतेक बायका, कडेवर मुलं, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. वकिलांसाठी बाजूला निराळं दार होतं, तिथे कुणीच नव्हतं.

त्या रांगेत पानसे उभे होते. अंगात काळा कोट नव्हता. नुसता सदरा आणि धोतर. कोटाशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं; माणूस अर्धा वाटत होता. मी हाक मारणार तेवढ्यात त्यांची पाळी आली.

हवालदारानं मान वर न करता विचारलं, “कैदी तुमचा कोण?”

त्यांच्या पुढच्या बायकांनी पटापट सांगितलं होतं. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा. पानसे फाटकाकडे बघत होते.

“त्याचे वकील का तुम्ही?”

“आता नाही.”

“मग नातेवाईक?”

“नाही.”

हवालदारानं आता वर पाहिलं. तो काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “मग बाबा, कुठल्या हक्कानं भेटणार?”

आयुष्यभर दुसऱ्यांना त्यांचे हक्क सांगत फिरलेला तो माणूस त्या प्रश्नावर नुसता उभा राहिला. मागची बाई पोर सावरत पुढे सरकू पाहत होती. पानशांनी तिला वाट करून दिली आणि ते रांगेच्या बाहेर, एक पाऊल बाजूला झाले. गेले मात्र नाहीत. मला कचेरीतून बोलावणं आलं म्हणून मी आत गेलो. कामं आटोपून बाहेर आलो तेव्हा रांग संपली होती, फाटक लागलं होतं, आणि ते तिथेच होते. भिंतीच्या सावलीत नव्हे, उन्हात, जिथून गजांमधून आतलं अंगण थोडंसं दिसतं तिथे.